चुरीची बर्फी

आमचं शेत अकोट तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. तोडणी झाली की व्यापारी मोठं संत्रं भरून नेतो. लहान फळाला, म्हणजे चुरीला, तो देतो तो भाव ऐकवत नाही. सासूबाई ती चुरी टोपलीत घालून घरी आणायच्या आणि बर्फी करायच्या. त्यांच्या हाताखाली आणि पुढे एकटीनं करताना जे कळलं, ते सांगते.

१. बर्फी मृगाची. आंबिया बहाराचं फळ दिवाळीच्या आगेमागे येतं. रसाळ असतं, पण जरा आंबट. मृग बहाराचं फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं आणि गोड असतं. आंबट फळाला साखर वाढवावी लागते, आणि साखर वाढली की संत्र्याची चव हरवते. म्हणून आंबियाच्या चुरीचं मी सरबत करते.

२. सोलताना घाई नको. पांढरे दोरे, फोडीवरचं पातळ साल, बिया, सगळं काढायचं. राहिलेल्या बीचा कडूपणा गरम गर चाखताना कळत नाही, दुसऱ्या दिवशी कळतो. तेव्हा उपाय नसतो. हे काम दुपारी ओसरीवर चौघींनी बसून करावं. पोरं मधे चार फोडी पळवणारच, तेवढी चुरी जास्त घ्यावी.

३. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात आंबट फळ कधीच शिजवू नका. ते कळकतं आणि पोटाला बाधतं. जाड बुडाची स्टीलची कढई उत्तम.

४. खवा शेवटी. हे मी नुकसान करून शिकले. लग्नानंतर पहिल्याच वर्षी नणंदेचं डोहाळजेवण होतं. वेळ वाचावा म्हणून मी कच्चा गर आणि खवा एकत्रच चुलीवर चढवला. आंबटपणानं खवा फाटला. दाणे वेगळे, पाणी वेगळं, आणि ढवळावं तितकं ते चिवट होत गेलं. दोन किलो चुरी आणि विकतचा खवा, दोन्ही गेलं. मी रडवेली झाले. सासूबाईंनी सराटा हातातून घेतला आणि एवढंच म्हणाल्या, "फळाले आधी आटू दे वं माय, मंग खवा."

तेव्हापासून माझं माप ठरलेलं आहे. एक किलो गर मंद आचेवर पाव किलो होईपर्यंत आटवायचा. त्यात पाव किलो साखर घालून गोळा कढई सोडेपर्यंत परतायचा. अर्धा किलो खवा वेगळा, गुलाबीसर भाजायचा. दोन्ही कोमट झाले की एकत्र करायचे आणि तूप लावलेल्या ताटात थापायचे. रंग घालू नये. गराचा स्वतःचा फिका केशरी रंग पुरतो.

५. केळीचंही चुरीसारखंच. आमच्या तालुक्यातल्या पणज गावाकडे केळीचे मळे आहेत. घड भरताना डागाळलेल्या, जास्त पिकलेल्या फण्या बाजूला पडतात. हलव्याला त्याच हव्या, कारण सालीवर काळे ठिपके आले की केळ सर्वात गोड असतं. कुस्करलेलं केळ लगेच काळं पडतं, म्हणून कढईत तूप तापल्यावरच सोलायला घ्यावं. डझनभर केळ्यांना पाव किलो गूळ. तासभर हात थांबवायचा नाही. तूप कडेनं सुटलं की झाला.

६. मार्चच्या उन्हात खव्याची बर्फी तीन दिवसांत संपवावी. गुळाचा हलवा जास्त टिकतो.

नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि राज्यात त्याच्या सर्वात जास्त बागा आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात आहेत. पण चुरीला अजूनही कुणी विचारत नाही. ती सालीत लहान असते, चवीत नाही. येत्या मृगात बांधावर टाकून देऊ नका. पहिल्या खेपेला दोन किलोच घरी न्या.