नारिंगी बुचाची बंदूक

साखरशेतला आमचा नागलीचा तुकडा डोंगरउतारावर आहे. दसऱ्याच्या सुमारास कणसं भरली की रानडुकरं उतरतात. त्यांना हुसकायला बाबांच्या नावावर ठासणीची बंदूक आहे, शेतीरक्षणाच्या परवान्याची. बाबा रात्रभर मचाणावर बसतात आणि पहाटे घरी येतात. बार काढायची वेळ आली नाही, तर बंदूक भरलेलीच परत येते. भरायला ती सोपी, रिकामी करायला अवघड. दारू, चिंध्या, छर्रे गजाने ठासले की सहजी बाहेर येत नाहीत. म्हणून आम्ही फक्त घोड्याखालची टोपी काढायचो आणि बंदूक माळ्यावर ठेवायचो. टोपी नाही म्हणजे धोका नाही, असं धरून चाललो होतो.

आमच्याकडे पावसात भिंतींना घाम सुटतो. नळी गंजते, कुंभारीण माशी तोंडात मातीचं घर करते. त्यावर उपाय म्हणून थंड पेयाच्या बाटलीचं नारिंगी बूच मी नळीवर बसवलं आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने आवळलं.

त्या वर्षी भाच्याने जव्हारच्या दसऱ्यातून टिकल्यांचं पिस्तूल आणलं होतं. काळंभोर, हुबेहूब, तोंडाला नारिंगी कडं. धाकटी भाची त्याला घाबरली, तेव्हा मीच तिला समजावलं, "नारिंगी तोंड म्हणजे खोटी बंदूक."

चार दिवसांनी दुपारी मी पडवीत आलो. माळ्याची शिडी लावलेली होती. भाचा बंदूक मांडीवर घेऊन बसला होता, समोर हातभर अंतरावर धाकटी. टोपी बसते त्या जागी त्याने आपली टिकली थुंकी लावून चिकटवली होती आणि दोन्ही अंगठ्यांनी घोडा मागे ओढत होता. घोडा ताठ होता, त्याच्याने पुरता मागे येईना. मी आधी नळी छपराकडे ढकलली, मग बंदूक काढून घेतली. तो रडत म्हणाला, "मामा, तूच म्हणालास ना, नारिंगी तोंड म्हणजे खोटी!"

टिकलीच्या ठिणगीने आतली दारू पेटलीच असती असं नाही. पण पेटलीच नसती, असंही मी म्हणू शकत नाही. ती रात्र मी झोपलो नाही.

मग या नारिंगी रंगाचा माग काढला. अमेरिकेत 1988 साली कायदा झाला आणि 1989 पासून खेळण्यातल्या बंदुकीच्या तोंडाला भडक नारिंगी खूण सक्तीची झाली. पण तिथेच काही खऱ्या पिस्तुलांच्या नळीच्या टोकाला आटे पाडलेले असतात आणि ते झिजू नयेत म्हणून त्यांवर फिरवायची कडी लाल, निळ्या, नारिंगी रंगांतही मिळतात. मी बुचाने केलं तेच ती कडी करतात. 2021 साली तर तिथल्या एका कंपनीने खरं पिस्तूल लेगोच्या रंगीत ठोकळ्यांसारखं सजवलं होतं. लेगो कंपनीनेच ते थांबवायला लावलं. उलट बाजूही तितकीच भीषण. 22 नोव्हेंबर 2014 रोजी क्लीव्हलँडमध्ये बारा वर्षांच्या तामीर राइसच्या हातात नारिंगी टोक नसलेली खेळण्यातली बंदूक होती. पोलिसांची गाडी आली आणि काही सेकंदांत त्याला गोळी लागली. दुसऱ्या दिवशी तो गेला.

म्हणून ज्यांच्या घरी परवान्याची बंदूक आहे, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. नळीवर रंगीत बूच, फुगा, चिकटपट्टी, काही लावू नका. ओल लागू नये म्हणून तेलाचा हात द्या आणि पेटीत ठेवा, कुलूप लावून. किल्ली परवानाधारकाकडेच हवी. टोप्या आणि दारू दुसऱ्या जागी, त्याही कुलुपात. भरलेली बंदूक उंबरठ्याच्या आत आणू नका, रिकामी करायची ती जाणत्याने, घराबाहेर. गजावर खूण करून घ्या: नळी नक्की रिकामी असताना गज तळापर्यंत सोडायचा आणि तोंडाशी खाच पाडायची. पुढे कधीही, टोपी काढून आणि तोंडासमोरून बाजूला राहून, गज सोडून बघा. खाच तोंडाशी न येता वरच राहिली तर आत काहीतरी आहे. बाबांनी ही खाच त्याच आठवड्यात पाडली. ती आधीच असायला हवी होती, हे त्यांनाही लागलं.

पोरांना रंगाची खूण शिकवू नका. बंदूक दिसली, कसलीही, तर हात लावायचा नाही, तिथून निघायचं आणि मोठ्या माणसाला हाक मारायची, एवढंच. पाहुणे म्हणून पोरांना कुठे ठेवणार असाल, तर त्या घरात बंदूक आहे का, कुठे असते, हे विचारा. विचारायला संकोच वाटतो, मला ठाऊक आहे. माझ्या बहिणीलाही वाटला असता, आणि ते घर तर तिचं माहेर होतं.