अंश आणि छेद

चि. निनाद यास,


तुझ्या प्रबंधाचा कच्चा आराखडा वाचला. आयर्लंडमध्ये घरबांधणीवर आणि घरसुधारणेवर जीडीपीच्या किती टक्के खर्च होतो, याचा आलेख काढून तू थेट निकाल देऊन मोकळा झालास: 2006 साली वाटा प्रचंड, आज मामुली, म्हणजे हा देश घरं बांधायचं विसरला. अगदीच चूक नाही, पण घाई झाली. टक्का हा शेवटी अपूर्णांक. अंश आणि छेद दोन्ही ठोकून-वाजवून घेतल्याशिवाय त्यावर एक वाक्यही लिहू नकोस.

आधी अंश. त्यात नवी घरं येतात, वाढवलेल्या खोल्या येतात, मोठी दुरुस्ती येते. जमिनीची किंमत येत नाही. जुनं घर विकलं गेलं, तर त्याची किंमतही येत नाही. म्हणून डब्लिनमध्ये भाव कडाडले तरी हा आकडा हलेलच असं नाही. तू भाव आणि बांधकाम यांची सरमिसळ केली आहेस, ती निस्तर.

घरांची मोजदादही तपासून घे. तिथे वर्षानुवर्षं वीजजोडणी मिळाली की घर पूर्ण झालं, असं धरत. दोन वर्षं बंद पडलेल्या घरात पुन्हा वीज आली, की तेही नवं घर. शेतावरच्या एखाद्या गोठ्याला मीटर बसला, तर तोही त्याच हिशेबात. 2018 मध्ये तिथल्या सांख्यिकी कार्यालयाने हे सगळं चाळून काढलं. 2013 सालचा आठ हजारांवरचा आकडा तेव्हा पाच हजारांच्याही खाली आला.

छेदाचं दुखणं याहून मोठं. 2015 साली आयर्लंडचा जीडीपी एका वर्षात 26 टक्क्यांनी वाढल्याचं जाहीर झालं. तेवढे कारखाने काही उभे राहिले नव्हते. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपले पेटंटसारखे हक्क कागदोपत्री तिथे हलवले होते. छेद असा फुगला, की एक वीट कमी न लागताही घरांचा वाटा घसरतो. म्हणूनच 2017 पासून तिथे असा फुगवटा वगळून सुधारित राष्ट्रीय उत्पन्न वेगळं काढतात. तुझा आलेख त्यावर पुन्हा बेत.

मग 2006 कडे वळ. नव्वदच्या दशकात साधारण 5 टक्क्यांच्या घरात असलेला वाटा तेव्हा राष्ट्रीय उत्पन्नाच्या आठव्या हिश्श्यापुढे गेला होता. जेमतेम 42 लाखांच्या देशात वर्षाला नव्वद हजारांच्या आसपास घरं! पण ती कुठे? लीट्रिम, लाँगफर्डसारख्या विरळ वस्तीच्या भागांत करसवलत होती, म्हणून तिथेही वसाहती उठल्या. 2010 च्या पाहणीत देशभर 2,800 हून अधिक वसाहती अर्धवट सापडल्या: रस्त्यांवर डांबर नाही, खांबांवर दिवे नाहीत. त्याच वर्षी बुडत्या बँकांपायी देशाला 85 अब्ज युरोच्या मदतयोजनेला हो म्हणावं लागलं. ठेकेदार बुडाले, गवंडी-सुतारांनी कॅनडा, ऑस्ट्रेलिया गाठलं. आज तुला तिथे खोली मिळता मिळत नाही, त्यामागे ही मोडलेली घडीही आहे. तेव्हा वाटा मोठा म्हणजे चांगला, असं गृहीत धरू नकोस.

शेवटचं, सुधारणेबद्दल. 2030 पर्यंत पाच लाख जुनी घरं उबदार आणि कमी ऊर्जा खाणारी करायची, असं तिथल्या सरकारने ठरवलं आहे. काम मोलाचंच आहे. भिंतींना उष्णतारोधक थर दिला, खिडक्या बदलल्या, की तो खर्च या वाट्यात चढतो. पण त्यातून नव्या कुटुंबाला डोक्यावर छप्पर मिळत नाही. नवं बांधकाम आणि सुधारणा यांच्या रेघा वेगळ्या काढ.

भाड्याने तू मेटाकुटीला आला आहेस, ते तुझ्या वाक्यावाक्यांत दिसतं. तो राग मला फोनवर ऐकव, प्रबंधात नको. मसुदा सुधारलास की पाठव. परीक्षकाआधी मीच तुला आडवे प्रश्न विचारीन.

तुझा,
मामा