प्रवासातला राउटर : आधी बँड वाचा

प्रश्न : कोकणात गावी राहून आणि येता-जाता ऑफिसचं काम करायचं आहे. कोणता पॉकेट राउटर घेऊ?

उत्तर : एकाच कंपनीला बांधलेला मुळीच घेऊ नका. कुठलंही सिम चालेल असा ‘अनलॉक्ड’ घ्या आणि दोन कंपन्यांची सिम जवळ ठेवा. घाटात एकीची रेंज जाते तिथे दुसरीची मिळू शकते. खोक्यावरचे बँड, म्हणजे राउटर कोणत्या लहरी पकडतो ते, मात्र नीट वाचा. ५ आणि ८ क्रमांकाचे बँड हवेतच. त्यातला ५ जिओ वापरतं. या दोन्ही बँडच्या ८५०-९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांबवर पोचतात, जाड चिरेबंदी भिंतींतूनही बऱ्यापैकी आत येतात. परदेशातून आणलेल्या राउटरमध्ये कधीकधी नेमके हेच नसतात. राउटर खिडकीत ठेवा. गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात नको, बॅटरी फुगते.