दिजोंला, रविवारच्या जेवणाबद्दल

चि. मिहीर यास,


तुझा मेसेज वाचला. वर्गातल्या पाच जणांना रविवारी जेवायला बोलावून बसलास आणि बफ बूर्गिन्यों, म्हणजे तांबड्या वाइनमध्ये शिजवलेलं गाईचं मांस, करणार म्हणतोस. दिजोंमध्ये राहून तिथल्याच लोकांना त्यांच्या घरचा पदार्थ खिलवायचा, म्हणजे धाडस आहेच. पण पदार्थ अवघड नाही. अवघड आहे ते स्वतःचा हात आवरणं. आपल्याकडचा हात रश्श्याला खळखळ उकळी आणायला, शिट्ट्या मोजायला आणि दर पाच मिनिटांनी डाव फिरवायला सोकावलेला. इथे यातलं काहीच करायचं नाही.

तू गाईचं मांस खातोस का, हे मी विचारत नाही. ते तुझं तू बघ. खात नसशील तर मेंढीचा खांदा घे, रीत तीच. इथे पुण्यात मी बोकडाचा खांदा आणि नळ्या घेऊन नाशिकच्या तांबड्या वाइनमध्ये असंच शिजवते. फक्त मेंढीच्या रश्श्याला पाहुण्यांसमोर बूर्गिन्यों म्हणू नकोस, टिंगल होईल.

शनिवारी सकाळी ले आलच्या बाजारात जा. खाटकाला ‘बूर्गिन्योंसाठी’ एवढं सांगितलंस तरी तो समजेल, पण तू पालरों माग. हा खांद्याचा भाग, मधून पांढरी शीर गेलेली असते. ती बघून नाक मुरडू नकोस. त्या शिरेतलं कोलॅजन मंद आचेवर तासन्‌तास राहिलं की विरघळून त्याचं जिलेटिन होतं, आणि रश्श्याला ओठाला चिकटेल असा दाटपणा त्यानंच येतो. फिलेसारखं महागडं, कोवळं मांस या कामाला कुचकामी. दोन तासांत त्याचा कोरडा भुसा होईल. सहा जणांना दीड किलो पुरे. तुकडे चांगले मोठे, पाच सेंटिमीटरचे कर. आपल्या मटणाच्या फोडींएवढे केलेस तर शेवटी ताटात नुसत्या धांदोट्या येतील.

वाइन एक अख्खी बाटली. बूर्गोन्यचीच हवी असा हट्ट करू नकोस, तिथली पिनो न्वार तुझ्या शिष्यवृत्तीला परवडायची नाही. कोत द्यू रोनची साधी बाटली चालेल. अट एकच, पेल्यात घेऊन प्यायला नको वाटेल अशी नसावी. कित्येक जण मांस आदल्या रात्री वाइनमध्ये भिजत घालतात. मी घालत नाही, कारण ओलं मांस तांबूस होत नाही.

आणि तांबूस होणं ही या पदार्थातली खरी मेहनत. आधी लार्दों, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाचे तुकडे, त्यांच्याच चरबीत परतून बाजूला काढ. मांस कागदी रुमालानं टिपून अगदी कोरडं कर. भांड्यात एका वेळी पाच-सहाच फोडी टाक. गर्दी केलीस की पाणी सुटतं आणि मांस भाजायच्या ऐवजी आपल्याच पाण्यात उकडतं. फोड टाकल्यावर उलटायची घाई नको. भाजली की तळ आपणहून सोडते. भाजल्यानं रस आत कोंडला जातो असं तुला कुणीतरी सांगेलच. लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या नावावर ही समजूत एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे, आणि ती चुकीची आहे. भाजायचं ते चवीसाठी. त्यामागची रासायनिक क्रिया 1912 साली लुई-कामिय मायार या फ्रेंच माणसानं मांडली.

मग त्याच भांड्यात दोन कांदे, दोन गाजरं, थोडा लसूण परत. दोन मोठे चमचे मैदा भुरभुरून जरा भाज आणि वाइन ओत. तळाला धरलेली खरवड लाकडी उलथन्यानं सोडवून घे. चव सगळी तिथे आहे. मांस, लार्दों, थाइम, तमालपत्र आणि पार्सलीच्या देठांची जुडी घाल, मांस जेमतेम बुडेल इतकं पाणी किंवा स्टॉक घाल. मीठ अगदी बेतानं, कारण लार्दों खारट असतात आणि रस्सा आटतो. गरम मसाल्याच्या डब्याला हात लावायचा नाही.

घरमालकिणीनं दिलेलं ते बिडाचं जड झाकणाचं भांडं आता ओव्हनमध्ये, 150 अंशांवर, अडीच ते तीन तास. मधून एकदा झाकण उघडून बघ. अधूनमधून एखादा बुडबुडा वर यावा, बस्स. खळखळत असेल तर आच कमी कर. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवते: तास-सव्वा तासानं काटा टोचशील तेव्हा मांस चिवट लागेल. तंतू आवळून पाणी बाहेर टाकलेलं असतं आणि कोलॅजन अजून पुरतं विरघळलेलं नसतं. नवखी माणसं इथेच घाबरतात आणि आच वाढवतात. तू दार लावून पुस्तक घेऊन बस. काटा लोण्यात गेल्यासारखा गेला की झालं.

कुकरमध्ये होईल का, असं तू विचारशीलच. कुकरचा मूळपुरुष फ्रेंचच. ब्ल्वाजवळ जन्मलेल्या दनी पापँनं 1679 साली लंडनमध्ये हाडं मऊ करायला पहिलं भांडं बनवलं होतं. मांस शिजेल, तासाभराच्या आत शिजेल. पण वाफ कोंडलेली, त्यामुळे रस्सा आटत नाही, पांचट राहतो. तो नंतर वेगळा आटवावा लागतो. परीक्षेच्या दिवसांत कर हवं तर. पाहुण्यांसाठी नको.

छोटे कांदे आणि मश्रूम वेगळ्या तव्यावर लोण्यात परतून शेवटी मिसळ. तीन तास आत राहिले तर त्यांचा लगदा होतो. मश्रूमचीही गर्दी नको. 1963 मध्ये अमेरिकन टीव्हीवर ज्युलिया चाइल्डचा कार्यक्रम सुरू झाला तो याच पदार्थानं, आणि तिचाही मश्रूमबद्दल हाच आग्रह असे.

हे सगळं शनिवारीच करून ठेव. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलंस की वरची चरबी थिजते, ती चमच्यानं उचलता येते, आणि चव मुरते. रविवारी मंद आचेवर गरम कर. रस्सा पातळ वाटला तर मांस बाहेर काढून तो आटव. सोबत उकडलेले बटाटे दे. भात केलास तरी कुणी उठून जाणार नाही.

पाहुण्यांना मात्र आधी विचार. डुकराचं मांस न खाणारं कुणी असेल तर लार्दों वगळ. दारू न घेणारं असेल तर हा पदार्थच नको. अडीच-तीन तास शिजवूनही अल्कोहोल पूर्ण उडत नाही, थोडं उरतंच. ‘उडून जातं’ असं सांगून कुणाला खाऊ घालणं मला पटत नाही. त्यांच्यासाठी वेगळं काही कर.

रस्सा उरला तर टाकू नकोस. सोमवारी तो गरम करून त्यावर पाण्यात सोडून शिजवलेलं अंडं घाल, खाली लसूण चोळलेला भाजका पाव. बूर्गोन्यमध्ये याला अफ आँ मरेत म्हणतात, आणि मला तर रविवारच्या जेवणापेक्षा हेच जास्त आवडतं. त्या भांड्याला आतून एनॅमल आहे, तारेची घासणी लावू नकोस. कोमट पाण्यात भिजत ठेवलंस की निघेल.

तुझी,
आत्या