बोनेटवर डॉज, चाकावर प्लिमथ

प्रश्न : आमच्या नात्यातल्या एका जुन्या वाड्यात ताडपत्रीखाली १९५४ ची अमेरिकन गाडी कित्येक वर्षं उभी आहे. बोनेटवर ‘डॉज’ असं नाव आहे, पण चाकांच्या कपांवर ‘प्लिमथ’. ओळखीचे मेकॅनिक म्हणतात, पत्रा सगळा प्लिमथचा आहे, म्हणजे दोन गाड्या जोडून एक केलेली दिसते. भाचा म्हणतो, डॉज म्हणजे मसल कार, परदेशात कोटींना जाते. इंजिन जाम आहे. आरसी बुक मालकांच्या दिवंगत वडिलांच्या नावावर आहे. ते पंधरा लाख मागताहेत. गाडी खरी आहे की नाही आणि तिची किंमत किती, हे कसं ठरवायचं?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : तुमच्या मेकॅनिकनी पाहिलं ते अगदी बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकला. भाच्याने नाव बरोबर ऐकलं, पण दशक चुकवलं. राहता राहिला पंधरा लाखांचा आकडा. तिथवर जायला थोडं मागून यावं लागेल, आणि ती वाट नेमकी तुमच्या गावातूनच निघते.

वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापूरचा. जहाजं, विमानं आणि साखर यांच्या जोडीला त्यांनी मोटारीचाही ध्यास घेतला. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी उभी केली, कुर्ल्याला कारखाना काढला आणि अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला. १९४७ पासून तिथे क्रायस्लर घराण्यातल्या डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या नावांच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. तुमच्या वाड्यातली गाडी बहुधा कुर्ल्याहूनच आलेली आहे.

आता नावांचा घोळ. क्रायस्लरकडे त्या काळी सर्वांत स्वस्त गाडी होती प्लिमथ. अमेरिकेबाहेरच्या डॉज आणि डिसोटोच्या विक्रेत्यांनाही स्वस्त गाडी हवी होती. त्यांच्यासाठी वेगळी गाडी घडवायची तर पत्र्याचे साचे नव्याने करावे लागले असते आणि तो खर्च फार मोठा. म्हणून कंपनीने प्लिमथच घेतली, पुढची जाळी, चकचकीत पट्ट्या आणि नावाची अक्षरं बदलली आणि तिला ‘डॉज किंग्जवे’ म्हटलं. तसंच ‘डिसोटो डिप्लोमॅट’चं. कॅनडातही हाच प्रकार झाला. तिकडचे हौशी लोक अशा गाडीला प्रेमाने ‘प्लॉज’ म्हणतात. त्यामुळे किंग्जवेच्या आत प्लिमथचा पत्रा सापडला तर ती बनावट ठरत नाही. उलट तो सापडला नसता तर काळजी करायला हवी होती.

चाकांच्या कपांचा मुद्दा निराळा. कप दाबून बसवायचा असतो आणि पाच मिनिटांत बदलतो. हरवला की गॅरेजमध्ये जो मिळेल तो बसवला जातो. त्यावरून गाडीच्या जातीविषयी काहीच सिद्ध होत नाही, ना बाजूने ना विरुद्ध. जी खूण सहज काढता-घालता येते ती पुरावा म्हणून कच्ची, हे धोरण पुढेही उपयोगी पडेल.

भाच्याला सांगा, मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या गाडीत बसवलेलं अवाढव्य आठ सिलिंडरचं इंजिन. हा अमेरिकेतला १९६० च्या दशकातला प्रकार. डॉज चार्जर १९६६ ची. तिच्या सर्वांत दांडग्या हेमी इंजिनाची ताकद कंपनी ४२५ हॉर्सपॉवर सांगत असे. किंग्जवेमध्ये सहा सिलिंडरचं, साइड व्हॉल्व्ह पद्धतीचं इंजिन असतं. त्यात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी बसतात, त्यामुळे वरचं हेड डब्याच्या झाकणासारखं सपाट दिसतं. ताकद सुमारे शंभर हॉर्सपॉवर. घरातल्या सहा माणसांना दोन बाकांवर बसवून पंढरपूरला नेणारी ही गाडी आहे, शर्यतीची नव्हे. तिचं मोल तिच्या स्वतःच्या कारणांसाठी आहे. चार्जरची किंमत तिला लावणं म्हणजे आडनाव एक म्हणून दोन घरांचा सातबारा एक समजण्यासारखं आहे.

खऱ्या मसल कारच्या बाजारातही खरेपणाचा हाच प्रश्न सतत पडतो. तिथलं एक उदाहरण फार शिकवून जातं. पाँटिअॅक जीटीओ ही गाडी १९६४ आणि १९६५ मध्ये स्वतंत्र मॉडेल नव्हती. साध्या ल मान्स गाडीवर जादा पैसे देऊन तो संच घ्यायचा. त्यामुळे त्या दोन वर्षांच्या चेसिस नंबरावरून गाडी जीटीओ आहे की नाही हे कळतच नाही. साध्या गाडीला अक्षरं चिकटवली की झाली जीटीओ! तिथे निवाडा करतात ते कारखान्याचे जुने कागद. आपल्याकडे हाच खेळ जीपवर चालतो. साखर कारखान्यांच्या भागात ‘युद्धातली विलीज’ म्हणून दाखवलेल्या कितीतरी जीपा प्रत्यक्षात नंतरच्या मुलकी जीपा असतात. युद्धातल्या जीपच्या पुढच्या जाळीत नऊ फटी, नंतरच्या मुलकी जीपला सात. पण जाळीसुद्धा बदलता येते. म्हणून जाणकार खाली वाकून चेसिसची पुढची आडवी दांडी पाहतात. विलीजची गोल नळीची, तर फोर्डने बनवलेल्या जीपची उलट्या पन्हाळीसारखी. फोर्डने तर बोल्टांच्या डोक्यांवरही ‘एफ’ हे अक्षर उमटवलं होतं. सगळे बोल्ट बदलण्याचा उपद्व्याप फसवणारासुद्धा सहसा करत नाही.

तेव्हा तुमच्या गाडीत अक्षरं सोडून नंबरांकडे वळू. इथे एक मोठा गैरसमज आहे. ‘मॅचिंग नंबर’ म्हणजे इंजिन नंबर आणि चेसिस नंबर सारखे असले पाहिजेत, असं अनेकांना वाटतं. त्या काळच्या क्रायस्लर गाड्यांत हे दोन नंबर मुळातच वेगळ्या मालिकेतले असत. ते एकमेकांशी जुळायचे नसतात. दोघांनी आरसी बुकाशी जुळायचं असतं. इंजिन नंबर ब्लॉकच्या डाव्या अंगाला, पुढच्या बाजूला, डायनामोच्या वर एका छोट्या सपाट जागेवर ठोकलेला असतो. तिथे वर्षानुवर्षांचं ग्रीस साचलेलं असतं. ते रॉकेलच्या फडक्याने हळूच पुसा. तारेच्या ब्रशने घासू नका, आकडे पुसट होतील.

मग आरटीओत करतात तसा पातळ कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्या. हा ठसा फक्त कागदपत्रांपुरता नसतो, तो खोटेपणाही उघड करतो. कोणी जुना नंबर ग्राइंडरने उडवून नवा ठोकला असेल तर ती जागा आजूबाजूपेक्षा किंचित खोलगट होते आणि ठशात तिथे पेन्सिल फिकट उमटते. आकडे कमी-जास्त खोल, तिरके, वेगवेगळ्या उंचीचे दिसतात. आकड्यांभोवतीचा गंज बाकीच्या ब्लॉकपेक्षा ताजा असेल तरीही थांबा. डोळ्यांना जे सुटतं ते कागदावर दिसतं. नंबरात अशी गडबड आढळली तर किंमत कितीही खाली आली तरी गाडी सोडा, कारण तो प्रश्न पैशाचा राहत नाही, पोलिसांचा होतो.

इंजिन जाम आहे याचं मात्र फार वाईट वाटून घेऊ नका. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजाने चिकटतात. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, काही दिवस मुरू द्या आणि मग पुढच्या पुलीला पाना लावून हाताने हलवून बघा. सेल्फ मारू नका, गाडी ढकलून गिअरही टाकू नका. आहे ते मोडेल. या इंजिनाचा एक खास दोषही माहीत असू द्या. ब्लॉकच्या आत, वॉटर पंपाच्या मागे, पातळ पत्र्याची एक लांब नळी असते. ती थंड पाणी शेवटच्या सिलिंडरपर्यंत पोहोचवते. रेडिएटरमध्ये बोअरचं क्षारयुक्त पाणी घालण्याची आपल्याकडची सवय या नळीचा काळ ठरते. ती सडली की पुढची सिलिंडर थंड राहतात, मागची तापतात आणि तिथले व्हॉल्व्ह जळतात. बाहेरून सगळं ठीक दिसतं. म्हणून इंजिन सुटल्यावरही ही नळी काढून बघितल्याशिवाय गाडी लांब नेऊ नये.

तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची : बोनेटखालचं इंजिन मूळचं आहे का? पेट्रोल महागल्यावर अशा असंख्य गाड्यांची पेट्रोल इंजिनं भंगारात गेली आणि त्या जागी डिझेल इंजिनं बसली. लग्नाच्या वरातीत धूर सोडत जाणाऱ्या जुन्या मोठ्या गाड्या त्यातल्याच. सहा व्होल्टची वायरिंग काढून बारा व्होल्टची केली असेल तर मी ते क्षम्य मानतो. ते पुन्हा पूर्ववत करता येतं. डिझेल इंजिनासाठी मात्र चेसिसवर वेल्डिंग करून नवे खूर बसवतात, गिअरबॉक्स बदलतात. तिथून परत फिरणं फार महाग.

याचा थेट संबंध कायद्याशी आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र तरतूद केली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, घरगुती वापराची दुचाकी किंवा चारचाकी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या वेळी ५,००० रुपये. पण अट अशी की चेसिस, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे डिझेल इंजिन बसवलेली गाडी वयाने पात्र असूनही या दारात अडकते. शिवाय विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी नसते. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. भाड्याने देण्याचा विचार असेल तर तो आत्ताच सोडून द्या.

पत्र्याच्या बाबतीत सोलापूर तुमच्या बाजूने आहे. मुंबई-कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत उभ्या गाडीचा तळ चाळणी होतो. सोलापूरच्या कोरड्या हवेत पत्रा पुष्कळ टिकतो. उन्हाळा मात्र रबर, सीटची कव्हरं आणि वायरींवरचं कापडी आवरण भाजून काढतो. पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक घेऊन दारांच्या खालच्या कडा, चाकांवरचे मडगार्ड आणि डिकीतली स्टेपनीची जागा तपासा. जिथे चुंबक धरत नाही तिथे रंगाखाली पुट्टीचा थर आहे. थोडी पुट्टी कोणत्याही जुन्या गाडीत सापडते. हातभर लांब सापडली तर मात्र आत पत्राच नाही असं समजा.

गंमत अशी की गंजलेला पत्रा इथला चांगला डेंटर हाताने ठोकून बनवू शकतो, इंजिन सोलापूर-पुण्यात बोअर करून मिळतं, पण किंग्जवेची पुढची जाळी, नावाची अक्षरं, बाजूच्या क्रोमच्या पट्ट्या, मीटरच्या काचा आणि वळणदार मागची काच कोणी बनवून देत नाही. प्लिमथचे यांत्रिक भाग परदेशातून मिळतात. या नावाला वेगळं करणारे भागच दुर्मीळ. म्हणून गाडीची किंमत करताना ती चालते का याआधी तिच्यावर काय काय शाबूत आहे ते मोजा.

कागदांचं कोडं किंमत जितकी पाडतं तितकी गंजही पाडत नाही. आरसी बुक दिवंगत व्यक्तीच्या नावावर आहे. आधी वारसाच्या नावावर ती चढली पाहिजे. त्यासाठी आरटीओचा नमुना ३१ असतो. बाकी वारसांची संमती लेखी हवी. त्यानंतरच तुमच्या नावावर विक्री. नोंदणी मुंबई राज्याच्या काळातली असेल तर संगणकात ती सापडेलच असं नाही, तेव्हा जुन्या रजिस्टरमधून नोंद काढून घ्यावी लागेल. हे काम मालकांनी करून द्यावं, तुम्ही पैसे दिल्यानंतर नव्हे, आधी.

आता पंधरा लाख. मोडक्या गाडीची किंमत पूर्ण झालेल्या गाडीवरून उलट मोजायची असते. केवळ हिशेब समजावा म्हणून आकडे घेऊ : तशीच गाडी उत्तम स्थितीत चौदा लाखांना जात असेल आणि तुमच्या गाडीवर नऊ लाखांचं काम असेल, तर ती आज पाच लाखांची. त्यातून हरवलेले भाग, न उघडलेल्या इंजिनाची जोखीम आणि अपुरे कागद वजा करा. जी गाडी दुरुस्त होऊनही जेवढ्याला विकली जाईल, तेवढेच पैसे बंद अवस्थेत मागितले जात असतील तर मालकांनी वजाबाकी केलेलीच नाही. त्यांना दोष देऊ नका. वडिलांची गाडी विकताना कोणालाही ती करवत नाही. त्यांच्यासमोर बसून वरची यादी शांतपणे वाचा, भागागणिक. बहुतेकदा आकडा आपोआप खाली येतो.

आणि पुढच्या वेळी वाड्यात जाल तेव्हा माळ्यावर आणि अडगळीच्या खोलीतही बघा. जुनी माणसं गाडीवरून निघालेली वस्तू फेकत नसत. जॅक, हँडल, कारखान्याचं माहितीपुस्तक, एखादी क्रोमची पट्टी गोणपाटात बांधून ठेवलेली सापडते. डॉजचे चार कपही तिथेच असतील, तर प्लिमथचे कोणी आणि कधी बसवले ते वाड्यातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारून घ्या.