पाणलावा, पुंगळी आणि एक सही

(द्वितीय वर्ष कला)

हिवाळ्यात बदलापूरच्या पुढे नदीकाठच्या ओल्या खाचरांत लांब चोचीचा, पिंगट अंगाचा एक पक्षी उतरतो. त्याचे नाव पाणलावा. पायाजवळून एकदम उठतो आणि वेडीवाकडी वळणे घेत उडतो, म्हणून त्याच्यावर नेम धरणे कठीण. अठराव्या शतकात हिंदुस्थानातील इंग्रज अधिकारी याच्या शिकारीला जात. इंग्रजीत या पक्ष्याला ‘स्नाइप’ म्हणतात. त्याला टिपणारा तो ‘स्नायपर’. लपून, दुरून, एकेका माणसाला टिपणाऱ्या सैनिकाला जगभर जे नाव पडले ते आपल्या देशातल्या चिखलातून गेले आहे. हे वाचले त्या दिवसापासून मी या विषयाच्या नादी लागले.

नाद म्हणावा असाच तो आहे. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. वडील अंबरनाथला औद्योगिक वसाहतीत टर्नर आहेत. मुलगी बी. ए. होऊन शिक्षिका होईल एवढीच घरची अपेक्षा. तिने बंदुकीच्या गोळ्यांची मापे वहीत लिहीत बसावे हे आईला मुळीच पटत नाही. “दिवसभर दुसऱ्याचं डोकं कुठं वर येतंय ते बघत बसायचं, हा काय धंदा झाला?” असे ती विचारते. या प्रश्नाला मला अद्याप नीट उत्तर देता आलेले नाही.

प्रथम पुस्तकाविषयी. उल्हासनगरला कॅम्प नंबर तीनमध्ये एका रद्दीच्या दुकानात मला ‘स्नायपिंग इन फ्रान्स’ हे पुस्तक मिळाले. लेखक हेस्केथ-प्रिचर्ड. पुस्तक प्रथम निघाले १९२० साली. माझ्या प्रतीतले साल असलेले पान फाटलेले होते. परंतु नावाच्या पानावर निळ्या शाईत एक लफ्फेदार सही होती आणि तिचे पहिले अक्षर ‘एच’ होते! माझे मन धावू लागले. उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली वस्तीला आजचे नाव मिळाले. एखाद्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या ट्रंकेतून लेखकाच्या सहीची प्रत येथे आली नसेल कशावरून? दुकानदाराने ३५० रुपये सांगितले. सहीबद्दल तो एक अक्षरही बोलला नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. फसवले असेल तर मी मलाच. परीक्षेच्या फॉर्मसाठी आईने दिलेले पैसे पिशवीत होते. ते मी मोजून दिले.

इतिहासाच्या सरांनी ती सही भिंगाखाली धरली आणि एकच विचारले, “ही लिहिली कशाने?” वळणावर शाईच्या बारीक गुठळ्या होत्या आणि पानाच्या मागल्या बाजूस रेघ उमटली होती. म्हणजे बॉलपेन. बॉलपेन सर्वत्र विकत मिळू लागले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. लेखक वारला १९२२ साली. यापुढे काही बोलण्यासारखे उरलेच नाही. सही पूर्वीच्या कोणा मालकाची. सर म्हणाले, “एवढं शिकायला साडेतीनशे म्हणजे फार नाहीत.” सरांना फॉर्मचे माहीत नव्हते.

पैसे गेलेच होते, म्हणून पुस्तक वाचून काढायचे ठरवले. शब्दकोश घेऊन दिवसाला तीन-चार पाने. हळूहळू गोडी लागली. हेस्केथ-प्रिचर्ड हा हॅम्पशायरचा वेगवान गोलंदाज आणि शिकारी. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या खंदकांत जर्मन नेमबाज इंग्रजांची माणसे रोज टिपत. ते पोलादी पत्र्यांच्या झरोक्यांआडून गोळी झाडीत. हा पत्रा फोडण्यासाठी याने मोठ्या शिकारीच्या रायफली आघाडीवर नेल्या. दुर्बिणी बसवलेल्या रायफली काही शिपायांकडे होत्या, पण त्या दुर्बिणी जुळवून कशा घ्यायच्या ते त्यांना कोणी शिकवलेच नव्हते. १९१६ साली त्याने यासाठी शाळाच काढली. मला सर्वांत आवडली ती कागदाच्या लगद्याच्या डोक्यांची युक्ती. खऱ्या माणसासारखे रंगवलेले डोके काठीवर बसवून खंदकाबाहेर हळूच वर करायचे. शत्रूने गोळी झाडली की डोक्याला पुढे एक आणि मागे एक अशी दोन भोके पडत. त्या भोकांच्या रेषेत पेरिस्कोप लावून पाहिले म्हणजे गोळी कोठून आली ते दिसे. दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते, हे शाळेत पाठ केले होते. त्याने जीवही वाचतो हे या पुस्तकात कळले.

आता काडतुसांकडे वळते. वाचकांनी घाबरू नये, माझ्या संग्रहात एकही काडतूस नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून जिवंत काडतूस बाळगणे गुन्हा आहे, आणि एन. सी. सी.च्या फायरिंगनंतर रिकाम्या पुंगळ्यासुद्धा मोजून परत कराव्या लागतात. माझ्याजवळ आहेत ती केवळ मापे. शिबिरात हवालदारसाहेबांनी शिकवण्यासाठी ठेवलेली नकली काडतुसे मला हाताळू दिली आणि वडिलांचा व्हर्नियर मी बरोबर नेला होता. तो वाचायला वडिलांनीच शिकवले, स्वयंपाकघरात, आईच्या लाटण्याची जाडी मोजून.

पॉइंट थ्री-नॉट-थ्री ही जुनी गोळी. जन्म १८८९ चा, पहिल्यांदा काळी दारू भरून. आपण तिला म्हातारी म्हणतो, परंतु २००८ साली २६ नोव्हेंबरच्या रात्री मुंबईच्या सी. एस. टी. स्टेशनात, जेथे आपल्या बदलापूर-अंबरनाथच्या गाड्या जाऊन थांबतात तेथे, पोलिसांच्या हाती याच रायफली होत्या. तिची पुंगळी ५६.४ मिलिमीटर लांब. सेल्फ-लोडिंग रायफलीच्या ७.६२ ची ५१.२. जवळजवळ पाच मिलिमीटर कमी. मी समजले की नवी गोळी दुबळी असणार. मग दहावीचे सूत्र आठवून हिशेब केला: वस्तुमानाचा निम्मा, गुणिले वेगाचा वर्ग. जुनी गोळी ११.३ ग्रॅमची, वेग सेकंदाला ७४४ मीटर. नवी ९.५ ग्रॅमची, वेग सुमारे ८४०. उत्तर आले ३,१२७ आणि ३,३५२ जूल. आखूड असून नवीच वरचढ! कारण मधल्या काळात दारू सुधारली आणि आतला दाब वाढला.

दुसरा फरक बुडाशी आहे. जुन्या पुंगळीला ताटलीसारखी बाहेर आलेली कड आहे, १३.७ मिलिमीटरची. मॅगझिनमध्ये भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढे यावी लागते. उलटे झाले की एकात एक अडकून बसतात, आणि तेही ऐन वेळी. नव्या पुंगळीला बाहेर आलेली कड नाही, कडेच्या जागी नुसती खाच आहे. आपोआप भरणाऱ्या बंदुकीला हे फार सोयीचे पडते.

नावांवर मात्र कोणी विश्वास ठेवू नये. ‘७.६२’ नावाची निदान तीन निरनिराळी काडतुसे आपल्या देशात वापरली गेली आहेत: सेल्फ-लोडिंग रायफलीचे ५१ मिलिमीटरचे, ए. के. ४७ चे ३९ चे आणि रशियन द्रागुनोव्ह या स्नायपर रायफलीचे कडेवाले ५४ चे. एकाचे दुसऱ्यात चालत नाही. रशियन काडतूस १८९१ चे. त्या काळी रशियात इंचाच्या दहाव्या भागाला ‘रेषा’ म्हणत; तीन रेषा म्हणजे ७.६२ मिलिमीटर.

ही पुंगळी पितळेचीच का? आमच्या शेजारी अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले एक काका राहतात. ही फॅक्टरी १ ऑक्टोबर २०२१ पासून ‘यंत्र इंडिया’ या सरकारी कंपनीत गेली. कारखान्यातले काही बाहेर सांगायचे नाही ही सवय त्यांची अजून सुटलेली नाही. पितळेवर मात्र ते तासभर बोलतात. सत्तर भाग तांबे, तीस भाग जस्त. वाटीच्या आकाराचा तुकडा दाबून दाबून लांबवायचा, मध्ये मध्ये भट्टीत तापवून मऊ करायचा. बार उडाला की पितळ फुगून नळीला घट्ट बसते आणि वायू मागे येऊ देत नाही. लगेच किंचित आक्रसते, म्हणून बाहेर काढता येते.

काकांनी सांगितलेली दुसरी गोष्ट मी नंतर ग्रंथालयात पडताळून पाहिली. इंग्रजी अमदानीत पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांत ठेवलेली काडतुसे आपोआप तडकत. दोष पावसाला दिला गेला. पुढे १९२१ साली खरे कारण सिद्ध झाले: घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, आणि घडवताना पितळेत राहून गेलेला ताण. बेताने तापवून हा ताण काढला की तडे जात नाहीत. “माणसाचंही तसंच,” असे काका म्हणाले, पण तो विषय वेगळा.

आमचे मूळ गाव माणगाव तालुक्यात. नाईक यशवंत घाडगे याच तालुक्यातले. माणगावात त्यांचा पुतळा आहे, लहानपणापासून एस. टी.तून उतरताना तो पाहिला, कधी थांबून वाचले नाही. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात, त्यांच्या तुकडीतील सर्वजण मशीनगनच्या माऱ्यात पडले. घाडगे एकटे धावत गेले, हातबाँबने मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली आणि मॅगझिन बदलण्यास वेळ नाही म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना मारले. ते ठाणे त्यांनी घेतले आणि तेथेच शत्रूच्या स्नायपरांनी त्यांना टिपले. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

हे वाचल्यावर मी वही पुन्हा उघडली. जर्मन सैन्याच्या रायफलीचे काडतूस ७.९२ चे, पुंगळी ५७ मिलिमीटर. त्याची गोळी प्रत्यक्षात ८.२ मिलिमीटर जाड. आणि ज्याला आपण ७.७ म्हणतो त्या थ्री-नॉट-थ्रीची गोळी मोजली तर ७.९. दोन्ही पुंगळ्यांच्या लांबीत एक मिलिमीटरही फरक नाही. ही दोन काडतुसे त्या खोऱ्यात समोरासमोर होती, आणि शेजारी ठेवली तर बुडाची कड पाहिल्याखेरीज आईला ती वेगळी ओळखता येणार नाहीत.

स्नायपरांवरची पुस्तके मी आता तीन वाचली. तिन्ही दुर्बिणीच्या मागच्या माणसाने लिहिलेली. घाडग्यांच्या बाजूने लिहिलेले मला अजून मिळालेले नाही. कोणास माहीत असल्यास कळवावे.

परीक्षेचा फॉर्म मी विलंब शुल्क देऊन भरला. त्यासाठी दोन महिने चाळीतल्या मुलांच्या शिकवण्या केल्या. आईला हे अद्याप सांगितलेले नाही. ती वार्षिक अंक वाचत नाही, पण वडील वाचतात, आणि मोठ्याने वाचतात.