परळचें गुरांचें इस्पितळ व आपला गोठा

मुंबईच्या परळ भागांत, जेथें पूर्वीं गिरण्यांचीं धुराडीं उभीं होतीं, तेथें गुरांचें एक मोठें इस्पितळ आहे. बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवानें तें ओळखलें जातें. साकरबाई या सर दिनशा माणकजी पेटिट या प्रसिद्ध पारशी गिरणीमालकांच्या पत्नी होत. त्यांच्या नांवें दिलेल्या देणगींतून हें इस्पितळ उभें राहिलें, आणि १८८६ सालीं त्याच ठिकाणीं पशुवैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालें. आजही तेथें मुक्या जनावरांवर उपचार होतात व पशुवैद्य तयार होतात.

खेड्यांतील आमच्या वाचकांस वाटेल कीं, मुंबईच्या इस्पितळाशीं आपला काय संबंध? तर संबंध जुना आहे. लालबाग-परळच्या चाळींत राहणारा गिरणीकामगार रत्नागिरीकडचा किंवा साताऱ्याकडचा असे. तो दरमहा घरीं मनिऑर्डर धाडी, आणि तिच्यांतूनच पुष्कळ घरीं पहिली दुभती गाय आली. १९८२ सालचा मोठा संप झाला, पुढें गिरण्या बंद पडल्या, मनिऑर्डरीही थांबल्या. गाय मात्र गोठ्यांत आहे, व तिच्याविषयीं आम्हांस विचारले जाणारे प्रश्नही पूर्वींचेच आहेत. त्यांतील कांहींचा येथें विचार करूं.

पहिला प्रश्न बहुधा असा असतो: “गाय पान्हा चोरते, काय करावें?” याचें उत्तर समजण्यासाठीं मुंबईच्या जुन्या तबेल्यांची हकीगत ऐकण्यासारखी आहे. शहरांत दूध पुरविण्यासाठीं नुकत्याच व्यालेल्या उत्तम म्हशी दूरदूरच्या प्रांतांतून आणून तबेल्यांत दाटीवाटीनें बांधीत. शहरांत दूध महाग, म्हणून रेडकाच्या तोंडीं तें जाऊं देणें धन्यास परवडत नसे. रेडकूं उपाशीं मरे. म्हैस आटली म्हणजे तिला पोसणेंही परवडत नसे, व तिची वाट बहुधा कसायाकडे लागे. रेडकूं मेल्यावर म्हैस पान्हा सोडीना, तेव्हां कांहीं गवळी फुंका नांवाचा अघोरी उपाय करीत, म्हणजे जनावराच्या योनिमार्गांत नळीनें हवा फुंकीत. महात्मा गांधींनीं दूध सोडण्याच्या कारणांत या फुंक्याचा उल्लेख केला आहे. १९१९ च्या आरंभीं ते मुंबईंत अत्यंत अशक्त झाले असतां डॉक्टर दलाल यांनीं दुधाचा आग्रह धरला, तेव्हां कस्तुरबांनीं शेळीच्या दुधाची तोड सुचविली. पुढें १९४९ सालीं शहरांतील म्हशी हलविण्यासाठीं गोरेगांवाजवळ आरे येथें दुग्धवसाहत स्थापन झाली. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या १२ व्या कलमानें फुंका हा गुन्हा आहे. आणि दूध वाढविण्यासाठीं जनावरास अपाय होईल असें कोणतेंही इंजेक्शन टोंचणें हाही त्याच कलमाखालीं गुन्हा आहे. ही दुसरी गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. बाजारांत चोरून मिळणारी “दुधाची सुई” ती हीच.

वस्तुतः पान्ह्याची युक्ति निसर्गानें गाईच्या अंगींच ठेविली आहे. वासराचें तोंड कासेस लागलें, किंवा ओळखीच्या हातानें कास कोमट पाण्यानें धुतली, म्हणजे तिच्या मेंदूच्या तळाशीं असलेल्या ग्रंथींतून ऑक्सिटोसिन नांवाचा रस रक्तांत उतरतो व दूध सुटतें. त्याचा जोर थोडींच मिनिटें टिकतो, म्हणून धार काढण्यास बसल्यावर मध्येंच उठूं नये. गाय भ्याली, तिला मारलें, किंवा माणूस नवखा असला, तर भयानें दुसराच रस सुटतो व पान्हा अडतो. म्हणून ठरलेली वेळ, ठरलेला माणूस व शांत गोठा हा या प्रश्नावरील खरा उपाय होय. त्यानेंही गुण न आला, तर सडांत जखम किंवा कासेंत सूज आहे काय, हें पाहावें.

आतां वासराविषयीं. याबाबतींत आमच्या खेड्यांत जी एक चाल आहे तिनें दरवर्षीं किती वासरें मरतात, तें सांगवत नाहीं. गाय व्याली म्हणजे वार पडेपर्यंत वासरास कासेजवळ जाऊं देत नाहींत. कोणी म्हणतात, चीक जड असतो, वासरास बाधतो. हें सर्वस्वीं चुकीचें आहे. मनुष्याच्या लेंकरास आईच्या पोटांत असतांनाच रोगाशीं झुंजण्याची कांहीं शक्ति मिळते. वासरास ती तशी मिळत नाहीं. तें जन्मतें तेव्हां या बाबतींत अगदीं निःशस्त्र असतें. ती शक्ति सर्व चिकांत आहे, आणि वासराचें आंतडें ती जशीच्या तशी रक्तांत घेऊं शकतें तें केवळ पहिल्या दिवसापुरतें. पहिल्या कांहीं तासांत हें द्वार सताड उघडें असतें. तें हळूहळू मिटत जातें, व सुमारें चोवीस तासांनीं बंद होतें. मग बादलीभर चीक पाजला तरी पोट भरेल, पण तें बळ येणार नाहीं. म्हणून वासरूं जन्मल्यावर अर्ध्याएक तासांत त्यास चीक मिळालाच पाहिजे; पहिल्या दिवसांत मिळून त्याच्या वजनाच्या सुमारें दहाव्या हिश्श्याइतका. वीस किलोच्या वासरास दोन लिटर, तोही एकदम न पाजतां तीनचार वेळां विभागून. उलट, वासरूं पिऊं लागलें म्हणजे गाईचें गर्भाशय आकुंचन पावतें व वार पडण्यास मदतच होते.

दादर-गिरगांवांत खरवसाच्या वड्या दुकानांतून विकत मिळतात, व खेड्यांत तर शेजाऱ्यांस चीक वांटण्याची रीत आहे. तिला आमचा विरोध नाहीं. खरवस आम्हांसही आवडतो. परंतु आधीं वासराचें पोट, मग शेजाऱ्याची वाटी. नाळ स्वच्छ कापून तिला टिंक्चर आयोडीन लावावें; शेण किंवा राख लावूं नये. वार बारा तासांत न पडल्यास डॉक्टरांस बोलवावें. तिला दगड बांधून ओढूं नये.

पावसाळ्याच्या आरंभीं कोवळा, ओला चारा अधाशीपणें खाऊन जनावराचें पोट फुगतें. डावी कूस ढोलासारखी वाजते, श्वास कोंडतो, आणि तासादोनतासांत जनावर दगावूं शकतें. यावर गोडें तेल पाजण्याचा घरगुती उपाय ठीक आहे. पण तें पाजावें कसें, हें आम्ही फार महाग किंमत देऊन शिकलों. एका गांवीं मुक्कामास असतां यजमानांची गाय फुगली. चौघांनीं तिला धरलें, एकानें जीभ बाहेर ओढली, एकानें बांबूच्या नळकांड्यानें तेल ओतलें. तोंड आकाशाकडे धरणारे हात आमचेच होते. फुगवटा उतरला, सर्वांस आनंद झाला. परंतु तिसऱ्या दिवशीं गाय धापा टाकूं लागली व सहाव्या दिवशीं मेली. तेल घशांतून श्वासनळींत व तेथून फुप्फुसांत गेलें होतें. त्या घरांत दुसरें जनावर नव्हतें. म्हणून वाचकांस कळकळीनें सांगतों: औषध पाजतांना तोंड पाठीच्या रेषेहून फार वर उचलूं नये, जीभ धरूं नये, थोडें थोडें द्यावें, व ठसका लागतांच डोकें सोडून द्यावें. फुगलेल्या जनावरास पुढचे पाय उंचावर येतील असें उभें करावें, तोंडांत आडवी काठी बांधावी म्हणजे तें चघळूं लागतें व ढेकर येऊन वायु सुटतो. आणि हें करीत असतांनाच कोणास तरी डॉक्टरांकडे धाडावें.

“लस टोंचल्यानें दूध कमी होतें” असें म्हणून कित्येक लोक जनावर लपवितात. एकदोन दिवस दूध किंचित् कमी होतें, हें खरें. पण आमच्या आजोबापणजोबांनीं बुळकांडीनें गोठेच्या गोठे ओस पडतांना पाहिले आहेत. गुरांच्या रोगांच्या शोधासाठीं १८८९ सालीं पुण्यास प्रयोगशाळा निघाली. तीच पुढें हिमालयांत मुक्तेश्वर येथें गेली. लशीच्या बळावर ही बुळकांडी २०११ सालीं सर्व जगांतून नाहींशी झाल्याचें जाहीर झालें. मनुष्याची देवी सोडली तर असा समूळ नष्ट झालेला दुसरा रोग नाहीं. घटसर्प व फऱ्या यांची लस दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं, व लाळखुरकुताची दर सहा महिन्यांनीं टोंचून घ्यावी. २०२२ सालीं महाराष्ट्रांत लंपीची सांथ आली, तेव्हां शेळ्यांच्या देवीची लस गुरांच्या कामास आली. तो रोग माश्या, डांस व गोचीड यांनीं पसरतो, मनुष्यास होत नाहीं. तरी त्या दिवसांत भीतीनें लोकांनीं उकळलेलें दूधही टाकून दिलें!

मनुष्यास होणारे रोग मात्र निराळे आहेत, आणि त्यांकडे दुर्लक्ष होतें. गाय सहाव्या महिन्यानंतर गाभडली, तर तो गर्भ व वार उघड्या हातानें उचलूं नये. हातांवर प्लास्टिकची पिशवी तरी चढवावी, सर्व खोल पुरावें, कुत्र्यांस खाऊं देऊं नये. हा सांसर्गिक गर्भपाताचा रोग असल्यास मनुष्यास महिनोन्महिने येणारा-जाणारा ताप व सांधेदुखी जडते. कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयांत त्याची लस आयुष्यांत एकदां टोंचतात. कच्च्या दुधानें हा रोग व क्षयही पसरूं शकतो. म्हणून धारोष्ण दुधाची थोरवी कितीही गायिलेली असो, तें उकळूनच प्यावें.

जनावर एकाएकीं मेलें व नाकातोंडांतून न गोठणारें काळें रक्त आलें, तर तें फाडूं नये, सोलूं नये, मांस वांटूं नये. तो फाशी रोग असण्याचा संभव आहे. शव उघडलें म्हणजे त्याचे जंतु हवेच्या स्पर्शानें कठीण कवच धारण करतात व मातींत वर्षानुवर्षें जगतात. चुना टाकून सहा फूट खोल पुरावें. गरीब घरास कातड्याचे चार पैसे सोडणें जड जातें, हें आम्ही जाणतों.

शेवटीं पिसाळलेल्या कुत्र्याविषयीं. परळासच हाफकिन संस्था आहे, व तेथें पूर्वीं माणसांसाठीं श्वानदंशाची लस तयार होत असे. गाईस कुत्रें चावल्यास जखम ताबडतोब साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी व त्याच दिवशीं डॉक्टरांकडून लशींचा क्रम सुरू करावा. कांहीं आठवड्यांनीं गाय घोगऱ्या आवाजानें हंबरूं लागली, लाळ गाळूं लागली, तिला गिळतां येईना, तर घशांत कांहीं अडकलें असें समजून तोंडांत हात घालण्याचा मोह होतो. हात घालूं नये. घातलाच असेल, तर त्या मनुष्यानें त्याच दिवशीं सरकारी दवाखाना गांठावा, व त्या गाईचें दूध घरांत येऊं देऊं नये.

सरकारच्या फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठीं १९६२ हा चार अंकी दूरध्वनि आहे, त्यास पैसे पडत नाहींत. बोलतांना गांव व तालुका, जनावराचें वय, व्यालें केव्हां, रवंथ बंद केव्हांपासून, शेण व लघवी कशी, आणि आधीं कोणतें औषध पाजलें, एवढें सांगावें. घरीं पाजलेलें औषध लोक संकोचानें लपवितात. तें आधीं सांगावें.